वेळेत घेतलेली माघार



माझ्या व्हिजिटिंग कार्डावर नावाखाली दोन ओळी आहेत. पहिली, ‘लेफ्टनंट कर्नल (निवृत्त)’. दुसरी, ‘अ‍ॅडव्होकेट, आयकर अपील’. पहिली ओळ वाचून लोक चहा मागवतात. दुसरी वाचली की जरा सावध होतात आणि हळूच विचारतात, “साहेब, एक नोटीस आली होती, दाखवू का?”

मी आज ६४ वर्षांचा आहे. एका नोकरीतून निवृत्त झालो, पण दुसऱ्या व्यवसायात अजून मध्यावर आहे. वकिलीत सोळा वर्षं म्हणजे काही फार नाहीत. इंदूरला माझ्याबरोबर सनद घेतलेली मुलं आता कुठे चाळिशीत आली आहेत. त्यांचे केस काळे, माझे पांढरे. बार रूममध्ये मात्र आमची ज्येष्ठता सारखीच. नवीन आलेले ज्युनिअर मला ‘सर’ म्हणतात ते वयामुळे. कायद्याची शंका असली की ते त्या चाळिशीतल्यांकडे जातात.

मी १९८३ साली पायदळात कमिशन घेतलं. तेवीस वर्षांनी, २००६ मध्ये, मुदतीआधी निवृत्ती मागितली. महूला कोर्सच्या निमित्तानं राहिलो होतो, हवा आवडली होती आणि इंदुरात मराठी घरं भरपूर. म्हणून तिथेच स्थायिक झालो. ४५ व्या वर्षी कायद्याच्या पहिल्या वर्गात जाऊन बसलो. सौभाग्यवती म्हणाल्या, “डबा देऊ का बरोबर?”

एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण चाळिशीनंतर मार्ग बदलणारे पुष्कळ जण मला विचारतात. पूर्वी बार कौन्सिलचा असा नियम होता की पंचेचाळिशी उलटलेल्या माणसाला वकिलीची सनद द्यायची नाही. तो नियम सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली रद्द केला. तो राहिला असता, तर मी आज इथे उभा नसतो. मी २००९ साली सनद घेतली तेव्हा ४८ वर्षांचा होतो.

कर हाच विषय का घेतला? त्याला एक सुभेदार कारणीभूत आहेत. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी दोन हप्त्यांत मिळाली होती, ४० टक्के २००८-०९ मध्ये आणि ६० टक्के पुढच्या वर्षी. मी तेव्हा कायद्याचा विद्यार्थी होतो. सुभेदारसाहेब घरी आले. म्हणाले, “सर, पैसे मागच्या वर्षांचे, पण कर सगळा याच वर्षी कापला. हे बरोबर आहे का?” मला उत्तर ठाऊक नव्हतं. रात्री आयकर कायदा उघडला आणि कलम ८९ सापडलं. थकबाकी ज्या वर्षांची, त्या वर्षांत वाटून पाहायची आणि करात जो फरक पडेल त्याची सूट मागायची. एवढं साधं. सुभेदारसाहेबांची काही हजारांची सूट निघाली. त्या रात्री मला कळलं की या पुस्तकात अशी बरीच दारं आहेत, आणि ज्यांना त्यातून जायचं असतं त्यांना ती दिसतच नाहीत.

आता हे काम असतं कसं, ते सांगतो. सिनेमातली वकिली डोक्यातून काढून टाका. माझ्याकडे माणूस येतो तो पिशवी घेऊन. पिशवीत बँकेची पासबुकं, बिलं, खतावणी, एखादी लग्नपत्रिका आणि तळाशी ती नोटीस. पहिले दोन दिवस मी कलम बघतच नाही. तारखा मांडतो. पैसे कधी आले, कुठून आले, खात्यात कधी भरले, नोटीस कधी निघाली, उत्तर कधी दिलं. फौजेत कोर्ट ऑफ इन्क्वायरी चालवताना हेच करायचो. आधी घटनाक्रम, मग मत. करवादातली बहुतेक प्रकरणं कायद्याच्या थोर प्रश्नावर नव्हे, या तारखांच्या कागदावर जिंकली किंवा हरली जातात.

अधिकाऱ्याचा आदेश मान्य नसेल, तर ३० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे जायचं. अपिलाची फी जास्तीत जास्त हजार रुपये. तिथेही पटलं नाही, तर आयकर अपील न्यायाधिकरण, म्हणजे आमच्या भाषेत ट्रिब्युनल. हे २५ जानेवारी १९४१ पासून चालू आहे. ते अर्थ मंत्रालयाच्या नव्हे, विधी मंत्रालयाच्या हाताखाली येतं, आणि त्याचं ब्रीद आहे ‘निष्पक्ष, सुलभ, सत्वर न्याय’. तथ्यं काय होती, याचा शेवटचा निकाल तिथेच लागतो. त्यावर उच्च न्यायालय आहे, पण तिथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच प्रवेश. ‘माझी बिलं पुन्हा एकदा बघा’ असं तिथे सांगता येत नाही. म्हणून बिलं खालच्या चौकीवरच नीट लावावी लागतात.

आणि नोटीस आता पोस्टमन आणत नाही. ती पोर्टलवर येते, ई-मेलवर येते. ई-मेल कुणाचा? पुष्कळदा दहा वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या हिशेबनिसाचा. तीन नोटिसा येऊन गेल्या, एकतर्फी आदेश झाला, आणि मालकाला पत्ता लागतो तो बँकेतलं खातं गोठल्यावर. आज घरी गेल्यावर पोर्टलवर आपला स्वतःचा ई-मेल आणि मोबाइल नंबर आहे ना, एवढं बघा. या भाषणातून एवढं एकच नेलंत तरी माझं काम झालं.

आता दोन प्रकरणं सांगतो. एक जिंकलेलं, एक हरलेलं. अशिलांच्या परवानगीनं सांगतोय, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दोन्ही प्रकरणं नोटाबंदीची आहेत.

८ नोव्हेंबर २०१६ आपल्या सगळ्यांना आठवतो. त्यानंतर बँकेत जी रोख भरली गेली, तिच्याबद्दल पुढे चौकशी झाली. ती होणं योग्यच होतं. एका काकूंनी दोन लाख तीस हजार भरले होते. नवऱ्याकडून घरखर्चाला मिळालेल्यातून वाचवलेले, माहेरून सणावारी आलेले. साखरेच्या डब्यात, गादीखाली ठेवलेले. त्यांना विचारलं गेलं, पुरावा काय? काकू मला म्हणाल्या, “भाऊ, डब्याची पावती असते का?”

माझ्याकडे कागद होता. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सूचना काढली होती की, धंद्याचं उत्पन्न नसलेल्या व्यक्तीनं अडीच लाखांपर्यंत रोख भरली असेल, तर एरवी त्याची पडताळणी करू नये. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी हीच मर्यादा पाच लाखांची. पुढे २०२१ मध्ये ट्रिब्युनलच्या आग्रा खंडपीठानं एका गृहिणीच्या प्रकरणात अडीच लाखांपर्यंतची अशी बचत खरी मानली. काकूंचं अपील मंजूर झालं. मी काही पराक्रम केला नाही. सत्य त्यांच्या बाजूनं होतं. मी फक्त त्याला कागद जोडला.

अशा विजयाचा एक दुष्परिणाम होतो. आपण कुठलंही प्रकरण लढवू शकतो असं वाटायला लागतं.

दुसरे गृहस्थ भांड्यांचे व्यापारी. शहराच्या जुन्या भागात वडिलोपार्जित दुकान. त्यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये जुन्या नोटांत चौदा लाख रुपये भरले होते. त्यांचं म्हणणं असं की ही धनत्रयोदशीची विक्री. ऐकायला अगदी पटण्यासारखं. त्या वर्षी धनत्रयोदशी २८ ऑक्टोबरला होती, नोटाबंदीच्या अकरा दिवस आधी. त्या दिवशी भांड्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. अधिकाऱ्यानं मागच्या वर्षांची विक्री बघून चार लाख मान्य केले आणि उरलेले दहा लाख स्रोत न सांगितलेला पैसा म्हणून उत्पन्नात धरले. डिसेंबर २०१९ मध्ये आदेश आला.

अशा पैशावर त्या वर्षी कर किती होता, माहीत आहे? ६० टक्के. त्यावर २५ टक्के अधिभार, म्हणजे ७५. त्यावर उपकर. एकूण ७७.२५ टक्के. दहा लाखांवर सात लाख बहात्तर हजार पाचशे. वर दरमहा एक टक्का व्याज. मागणी दहा लाखांच्या पुढे गेली. दंडाची कारवाई वेगळी.

जानेवारी २०२० मध्ये आम्ही अपील केलं. वसुली थांबावी म्हणून वीस टक्के रक्कम भरली. मग मी कागद मांडायला बसलो. विक्रीची बिलं बघितली. रोजमेळ बघितला. शेवटी खरेदीची बिलं बघितली आणि थांबलो. भांडी विकायची, तर आधी विकत घ्यावी लागतात. एवढी भांडी त्या दुकानात आलीच नव्हती.

हे माझ्या लक्षात आलं तो महिना होता ऑक्टोबर २०२०. तेव्हा सरकारची ‘विवाद से विश्वास’ योजना चालू होती. वादातला कर पूर्ण भरा, व्याज आणि दंड माफ, खटला संपला. ३१ जानेवारी २०२० ला जी अपिलं प्रलंबित होती ती त्यात बसत होती. म्हणजे आमचं बसत होतं. अर्जाची मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०२१ पर्यंत गेली. माझ्या हातात पाच महिने होते.

मी त्यांना बोलावलं. म्हटलं, योजना आहे, विचार करा. ते म्हणाले, “कर्नलसाहेब, तह वगैरे दुसऱ्या वकिलांनी सांगावा. तुम्ही फौजी माणूस. आपण लढायचं.”

खरं सांगतो, मला ते ऐकून बरं वाटलं. त्या वेळी समोर बसून एकच प्रश्न विचारायला हवा होता : ‘खरेदी कुठे आहे?’ तो मी विचारला नाही. उत्तर काय येईल, हे मला जवळजवळ माहीत होतं. आणि ते आलं असतं, तर लढाई तिथेच संपली असती. मी त्याऐवजी बावीस पानांचं लेखी निवेदन तयार केलं. वेगवेगळ्या ट्रिब्युनलचे निकाल जोडले. निवेदन चांगलं होतं. फक्त त्यात भांडी नव्हती.

३१ मार्च गेला. अपील प्रलंबित राहिलं. आता सुनावणी फेसलेस झाली होती, सगळं पोर्टलवर. चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत त्यांनी दुकानाची डागडुजी केली नाही, कर्ज वाढवायला बँकेत गेले नाहीत, कारण डोक्यावर ती मागणी. दर दिवाळीला फोन यायचा, “साहेब, काही कळलं का?” मी म्हणायचो, “आपली बाजू मांडलेली आहे.” वाक्य खरं होतं, पण त्यात उत्तर नव्हतं.

२०२४ च्या पावसाळ्यात त्यांची मुलगी माझ्या ऑफिसात आली. पुण्याला सीएची आर्टिकलशिप करत होती. म्हणाली, “काका, बाबांची फाईल बघू का?” अर्धा तास शांतपणे चाळली. मग एक बोट खरेदीच्या बिलांवर ठेवलं, दुसरं विक्रीच्या आकड्यावर, आणि माझ्याकडे बघितलं.

“काका, हे तुम्हाला दिसलं नव्हतं का?”

मी फौजेत तेवीस वर्षं काढली आहेत. वरिष्ठांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. पण त्या वीस-बावीस वर्षांच्या मुलीच्या साध्या प्रश्नापुढे मला मान खाली घालावी लागली. म्हटलं, “दिसलं होतं.”

“मग सांगितलं का नाही?”

संध्याकाळी वडील आले. या वेळी मी प्रश्न विचारला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “दहा वर्षांचा गल्ला होता, साहेब. बिल न फाडता विकलेल्या मालाचा. घरात साठत गेला. तुम्ही कधी सरळ विचारलंच नाही, आणि मी सांगितलं नाही.”

नशिबानं १ ऑक्टोबर २०२४ पासून ती योजना दुसऱ्यांदा आली. पण या वेळी ३१ जानेवारी २०२० च्या आधीपासून त्याच पातळीवर पडून असलेल्या जुन्या अपिलांना जास्त भरायचं होतं, वादातल्या कराच्या ११० टक्के. तोही अर्ज ३१ जानेवारी २०२५ पर्यंत केला तर. नंतर १२० टक्के. आम्ही डिसेंबरातच अर्ज केला. आठ लाख एकोणपन्नास हजार सातशे पन्नास रुपये ठरले. आधी भरलेले वीस टक्के त्यातून वजा झाले.

२०२१ मध्ये हेच काम सात लाख बहात्तर हजार पाचशेत झालं असतं. फरक सत्त्याहत्तर हजार दोनशे पन्नास. हा आकडा मी डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. माझ्या गप्प बसण्याची ती किंमत आहे, आणि ती मी नाही, त्यांनी भरली. चार वर्षांच्या झोपेचा हिशेब तर कुठल्याच योजनेत बसत नाही. मी माझी फी परत केली. त्यांनी ती घेतली. योग्यच केलं.

आता फौजेकडे परत येतो, कारण ही चूक मी फौजी होतो म्हणून झाली असं मला बरेच दिवस वाटत होतं. नंतर लक्षात आलं की उलट आहे. मी फौजेत शिकलेलं विसरलो होतो, म्हणून ती झाली.

सैन्यात तरुण अधिकाऱ्याला चढाई शिकवतात, बचाव शिकवतात, आणि माघारही शिकवतात. नकाशावर, वाळूच्या मॉडेलवर, घड्याळ लावून. कोण आधी निघणार, कोण मागे थांबून आड देणार, किती वाजता ठाणं रिकामं होणार. माघार ही रीतसर कारवाई आहे. ती शत्रू अंगावर येण्याआधी ठरवली, तर पलटण पुढच्या लढाईसाठी शाबूत राहते. उशीर केला, तर तिची पळापळ होते. आणि माघारीचा सल्ला वेळेत देणं ही त्या अधिकाऱ्याची जबाबदारी असते, ज्याला नकाशा दिसतो. जवानाला फक्त समोरचा दगड दिसत असतो.

आपल्याला हे परकं नाही. १६६५ साली पुरंदरच्या तहात महाराजांनी २३ किल्ले दिले आणि १२ राखले. त्यांना कुणी भित्रे म्हणत नाही. त्या दिवशी काय वाचवायचं हे त्यांना ठाऊक होतं, आणि पुढचा इतिहास आपण जाणतो. मग वकिलानं ‘भरून टाका आणि मोकळे व्हा’ असं म्हटलं की आपल्याला तो कच्चा का वाटतो?

त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी एक पद्धत सुरू केली. नवीन प्रकरण आलं की तीस दिवसांची मुदत असली तरी पहिल्या दहा दिवसांत मी अशिलाला एक पान देतो. मराठीत किंवा हिंदीत, त्यांना कळेल अशा भाषेत. त्यावर चार गोष्टी. एक, आपली भक्कम बाजू कोणती. दोन, आपली कच्ची बाजू कोणती. तीन, हरलो तर व्याजासकट किती भरावे लागतील. चार, आज मिटवायचं ठरवलं तर कसं आणि कितीत मिटेल. ते पान ते घरी नेतात, घरच्यांना दाखवतात आणि सही करून परत आणतात. दर सहा महिन्यांनी ते पान पुन्हा काढायचं आणि काही बदललं आहे का ते बघायचं.

यानं माझा धंदा थोडा कमी झाला. काही जण ‘कच्ची बाजू’ वाचूनच दुसऱ्या वकिलाकडे गेले. काही जणांना मीच सांगितलं, “हा कर तुम्ही देणं लागता. माझी फी वाचवा, त्यातून चलन भरा.” पण जी प्रकरणं आता मी लढवतो, ती मान वर करून लढवतो. काकूंच्या डब्यासारखं प्रकरण आलं, तर ट्रिब्युनलपर्यंत जायची तयारी ठेवतो, रक्कम दोन लाखांची असली तरी.

इथे बसलेल्या तरुण वकिलांना आणि सीएंना एवढंच सांगीन, अशिलानं ‘लढायचं’ म्हटलं तर ते त्याचं मत असतं. तो तुम्हाला आदेश नसतो. त्याला नकाशा दाखवा, मग त्याला ठरवू द्या. ज्या प्रश्नाचं उत्तर ऐकायची भीती वाटते, तो पहिल्या भेटीत विचारा.

जे करदाते आहेत, त्यांनी वकिलाला गल्ल्यातली गोष्ट पहिल्या दिवशी सांगा. डॉक्टरपासून लपवलेलं दुखणं डॉक्टर बरं करू शकत नाही. आणि तुमचा वकील फक्त ‘काळजी करू नका’ एवढंच म्हणत असेल, तर नम्रपणे विचारा, “साहेब, आपली कच्ची बाजू कोणती?”

जे चाळिशी-पन्नाशीत नवीन काम सुरू करायचं म्हणताहेत, त्यांना माझा अनुभव सांगतो. जुन्या नोकरीचा रुबाब घरी ठेवून या. मला त्या रुबाबानं गप्प केलं होतं. जुन्या नोकरीची शिस्त मात्र बरोबर आणा. ती सगळीकडे चालते.

ती मुलगी यंदा सीए झाली. मागच्या महिन्यात तिचा फोन आला, एका गुंतागुंतीच्या प्रकरणाबद्दल विचारायला. मी माझं मत दिलं. शेवटी ती म्हणाली, “ठीक आहे काका, पण तुमचं एक पान पाठवा. दुसरा मुद्दा सविस्तर लिहा.”

दुसरा मुद्दा म्हणजे कच्ची बाजू. त्याच रात्री लिहून पाठवलं.

जय हिंद.